पडला की बसला

रिंगमध्ये पडतो एकच माणूस, पण पाहणारे शंभर असतात. म्हणजे किस्से शंभर झाले. त्यातले निम्मे लोक त्या दिवशी हॉलमध्ये नव्हतेच, आणि त्यांचे किस्से जास्त रंगतात.

माझा मोठा भाऊ संतोष गेला तेव्हापासून आमच्या शेलूबाजारच्या घरी रोज कोणीतरी येतं, चहा घेतं, त्याचा एक किस्सा सांगतं आणि जातं. आधी मी हसायचो. आता मी पाहतो की सांगणारा कोण, आणि तो हेच का सांगतो आहे. कारण सगळे किस्से फिरून एकाच जागी येतात. वाशिमच्या बॉक्सिंग किताबाच्या फायनलमध्ये संतोष खाली गेला आणि उठला नाही. त्याला उठता येत नव्हतं, की त्यानं सोडून दिलं?

मी सातवीतच शाळा सोडली. पण मेलेल्या माणसाला विचारता येत नाही एवढं मला कळतं. म्हणून मी जिवंतांना विचारत फिरतो.

* * *

आमचा क्लब म्हणजे धान्य बाजाराचं शेड. लिलाव आटोपला की सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, एका बाजूला सरकवायचे आणि मधे दोर बांधायचा. वस्ताद कासमचाचा. चाचा दिवसभर तिथेच मापारी, म्हणजे काट्यावर माल मोजणारा. मापारी पहिल्या कट्ट्याला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. मधे हमालानं कट्टा उतरवून दुसरा चढवायचा, मग पुढचा आकडा.

चाचा पडलेल्या पोरासाठीही तसंच मोजायचा. हमाल नसला तरी.

एकदा मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा किसन पडला. चाचा पाचवर आला आणि एक व्यापारी भाव विचारायला आला. चाचा त्याच्याशी बोलला, तंबाखू मळली, त्याला वाटेला लावलं, आणि वळून म्हणाला, "सहा."

किसन ताजातवाना होऊन उठला आणि समोरच्याला आडवा केला. समोरचा खालूनच ओरडला, "चाचा, हा झोप काढून आला!"

चाचा म्हणाला, "तू बी काढ. लाभ."

* * *

चाचाचा एक नियम होता. खाली गेलास तर आठ होईपर्यंत उठायचं नाही. श्वास घे, डोकं जागेवर आण, मग ऊठ. "घाईनं उठते तो घाईनं झोपते," म्हणायचा. बाहेरच्या स्पर्धेत पोरांचं लक्ष आकड्यांवर राहत नाही, म्हणून चाचा कोपऱ्यातून पंजा वर धरायचा. पंजा वर म्हणजे थांब. पंजा खाली म्हणजे ऊठ.

भाऊ यात सगळ्यात पक्का. कारंज्याला एका लढतीत त्याला ठोसा बसला आणि त्यानं गुडघा टेकला. एक गुडघा टेकला तरी पडला असंच धरतात. भाऊ चाचाच्या पंजाकडे पाहत आरामात बसला होता. दोराजवळ धनजचे एक म्हातारे काका होते. त्यांना राहवेना.

"ऊठ ना बे! बैल बी उठते इतक्या वेळात."

भाऊ तिथूनच म्हणाला, "थांबा ना काका, गडबड कायची आहे?"

पंजा खाली आला, भाऊ उठला, आणि ती लढत जिंकला. काकांनी त्याला रसवंतीवर नेऊन रस पाजला. वर म्हणाले, "मी ओरडलो म्हणून उठला तू." भाऊनं हो म्हटलं. तो कोणालाही हो म्हणायचा. आता मला वाटतं, त्या फायनलआधी त्यानं कोणाला हो म्हटलं होतं?

* * *

फायनलमध्ये समोर अकोल्याचा अमोल होता. दुसऱ्या राउंडला त्याचा ठोसा भाऊच्या उजव्या बरगडीखाली बसला. आवाज मोठा नव्हता. भाऊनं गुडघा टेकला आणि नेहमीसारखं कोपऱ्याकडे पाहिलं.

मी खाली पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. मला काळजी नव्हती, म्हणून चाचाच्या पंजाकडे मी पाहिलंही नाही. रेफरी मोजत होता. आठ झाले. भाऊचं एक पाऊल जमिनीवर होतं, फक्त जोर द्यायचा होता. त्यानं दुसराही गुडघा टेकला. मग हळूच, घरी जेवायला बसावं तसा बसला. रेफरीनं दहा म्हटलं.

हॉलमध्ये कोणीतरी म्हणालं, "बसला रे."

आमच्याकडे नांगराच्या तासात बसकण मारणाऱ्या बैलाबद्दल असं बोलतात.

कपडे बदलायच्या खोलीत मी विचारलं, "भाऊ, लय लागलं का?"

"लागलं ना."

"उठता येत नव्हतं?"

तो बुटाची नाडी सोडत होता. म्हणाला, "तू जेवला का?"

एवढंच. दोन महिन्यांनी मंगरुळपीरच्या रस्त्यावर त्याची काळीपिवळी जीप पुलावरून खाली गेली. मधल्या काळात मी पुन्हा विचारलं नाही. सावकाश विचारू असं वाटलं होतं.

* * *

किसननं ती फायनल मोबाईलवर घेतली होती. मी ती इतक्या वेळा पाहिली की आई म्हणाली, "बंद कर रे ते, मले आकडे पाठ झाले."

नेमकं आठ होताना रेफरी मोबाईलच्या आणि चाचाच्या मधे येतो. पंजा वर होता की खाली, दिसत नाही.

"हा इथं कायले उभा राह्यला?" मी किसनला विचारलं.

"रेफरी आहे तो. मंग काय घरी उभा राहीन?"

"अन् तू बाजूला काहून नाही सरकला?"

किसननं माझ्याकडे पाहिलं. "मले काय माहीत होतं, तू पुढं चालून पोलीस होशीन म्हणून?"

फायनलच्या दिवशी सकाळी चाचा अकोल्याच्या वस्तादासोबत टपरीवर चहा पीत होता. मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा तो चहा होता. आता मला तो चहा वाटत नाही.

* * *

सलूनमध्ये भागवत माझी कटिंग करत होता. मागच्या बाकावर दोघं बसले होते, मला ओळखत नव्हते. गोष्ट जीपच्या अपघाताची निघाली. एक म्हणाला, "तोच तो, बसला होता तो. या बारी बी उठला नाही."

मी अंगावरच्या कपड्यासकट उठलो आणि त्याला मारलं. मग दुसऱ्याला मारलं, तो नुसता हसला होता. मग तसाच घरी आलो. उजवी बाजू बारीक, डावीकडे जंगल. आई रडत होती, तिनं मला पाहिलं आणि तिला हसू आलं. तेराव्यानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी तिथेच जावं लागलं, कारण दुसरा न्हावी अर्धं डोकं घ्यायला तयार नव्हता. म्हणाला, "दुसऱ्याचं काम मी बिघडवत नाही."

भागवतनं डावी बाजू कापली. शेवटी आरसा दाखवत म्हणाला, "मारलं ते बरं केलं. पण एक विचारू का? खरंच बसला होता का रे तो?"

त्याच्या हातात वस्तरा होता म्हणून वाचला.

* * *

मग मी ठरवलं, चाचाचं मोजणंच तपासायचं. माझ्या मनात असं होतं: रेफरीचे दहा झाले तेव्हा चाचाच्या डोक्यात अजून सात-आठच चालू असतील. सवयीनं. त्याचा पंजा वरच राहिला असेल, आणि भाऊ पंजा पाहून थांबला असेल. असं असेल तर भाऊनं सोडलं नाही. मग दुसरा गुडघा का टेकला, तेवढं राहतं. ते मी नंतर पाहिलं असतं.

बाजाराच्या दिवशी मी काट्यामागे उभा राहिलो, मोबाईल कानाला लावून. त्यात रेफरी मोजतो आहे आणि समोर चाचा कट्टे मोजतो आहे. चाचानं मला पाहिलं.

"माहं माप तपासून राह्यला का?"

"नाही चाचा. गाणे ऐकून राह्यलो."

चाचानं मान डोलावली. पण त्या दिवशी त्यानं असं झपाट्यानं मोजलं की हमाल पळायला लागले. एकाचा पाय कट्ट्यात अडकला. लाभ म्हणेपर्यंत पाच. अख्ख्या बाजारानं पाहिलं.

हमाल म्हणाला, "चाचा, रेल्वे पकडाची आहे का?"

चाचाचं लक्ष माझ्याकडेच होतं. मी विचारलं, "त्या दिवशी तुमचा पंजा खाली होता का वर?"

"खाली होता," चाचा म्हणाला. मग काट्याकडे वळला आणि म्हणाला, "वर असता तर बरं झालं असतं ना, बेटा?"

हे त्यानं कबूल केलं की नाकारलं, मला अजून कळलं नाही.

* * *

गेल्या आठवड्यात अमोल आमच्या घरी आला. एकटा, मोटरसायकलवर. मी दारातच उभा राहिलो, आत ये म्हटलं नाही.

"कायले आला?"

"मले उशिरा समजलं."

"कोणी पाठवलं तुले?"

"कोणी नाही." त्यानं हेल्मेट काढून खाली ठेवलं. "तुले माहीत आहे का, फायनलच्या पुढच्या आठवड्यात संतोषभाऊ अकोल्याले आला होता? माह्या कॉलेजच्या ग्राउंडवर. ग्लोव्ज घेऊन आला. म्हणे, आता कोणी पाहत नाही, एक बारी खेळू."

मला हे माहीत नव्हतं. खोटं बोलतो आहे असं वाटलं. त्याला बोलू दिलं, कुठे चुकतो ते पाहायचं होतं.

"मंग?"

"खेळलो. मी त्याच बरगडीखाली मारलं, दोनदा. हलला नाही तो. मंग त्यानं मले मारलं न् मी पडलो. तो मोजाले लागला. सुरवात एकपासून नाही केली, लाभ म्हणे. मले हसू येऊन राह्यलं होतं."

लाभ अकोल्याच्या पोराला कुठून माहीत?

"नऊपर्यंत मोजलं त्यानं. मंग थांबला. दहा म्हणेच ना."

"अन् तू?"

"मी पडूनच."

"उठता येत नव्हतं?"

"येत होतं ना."

"मंग काहून नाही उठला?"

अमोलनं हेल्मेट उचललं आणि दोन्ही हातांत धरलं.

"तुह्या भावानं बी मले हेच विचारलं. मी सांगतलं त्याले, पडूनच बरं वाटून राह्यलं होतं, गडबड कायची आहे? तो इतका हसला, इतका हसला, का माह्या बाजूले येऊन खाली बसला."