बाबांचे तीन फोन

माझ्या बायकोच्या मते मला दोन व्यसनं होती. एक तंबाखू-सुपारीचा खर्रा, तो मी सोडला. दुसरं मोबाइलच्या बातम्या, त्या सुटायचं नाव घेत नाहीत. मी वर्ध्याला एका कचेरीत बाबू आहे, राहतो नालवाडीत, आणि जगात कुठेही नवा फोन आला की त्याबद्दल माझं मत तयार असतं. त्यासाठी फोन हातात यावा लागत नाही. बहुतेक फोन माझ्या हातात कधी येतच नाहीत. पण घडी होणारा फोन आला तेव्हा पानठेल्यावर उभं राहून, "ही काय सतरंजी हाय का घडी घालाले?" असं मी चार जणांना विचारलं होतं आणि चौघांनीही माना डोलावल्या होत्या. कंपन्यांनी डब्यातून चार्जर काढून टाकला तेव्हा तर मी दोन दिवस नीट जेवलो नाही. फ्रिजच्या दारावरचा पडदा, चष्म्यातला कॅमेरा, झोप मोजणारी अंगठी, आपल्या वतीने पत्रं लिहून देणारा संगणक, या सगळ्यांना मी वेळोवेळी झापलेलं आहे. त्यांच्यापैकी कोणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

खरेदीच्या एका संकेतस्थळावर मी अभिप्रायही लिहितो. चांगले लांबलचक. एकदा तिथे माझ्या नावापुढे छोटासा पिवळा बिल्ला आला, तो मी मोठ्या कौतुकाने बायकोला दाखवला. तिने चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाली, "छान हाय. आता या बिल्ल्याले सांगा, आपला मिक्सर तीन महिन्यापासून घरघर करून राह्यला."

तर अशा माणसाच्या वडिलांचा फोन बिघडला.

आई-बाबा वडनेरजवळच्या आमच्या गावी राहतात. थोडी शेती आहे, तीही भाजीपाल्याची. वांगी, भेंडी, आणि पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांबार. मी रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की त्यांना फोन लावायचो. आई फोन हातात धरत नाही. तिला जे सांगायचं असतं ते ती चुलीपाशी बसूनच ओरडून सांगते. त्यामुळे बोलणं बाबांशी. अडीचेक वर्षांपूर्वी कधीतरी बाबा म्हणू लागले, "हालो... हालो... आवाज नाई येऊन राह्यला." मी आवाज चढवला की म्हणायचे, "तुटक तुटक येते."

आमच्या गावात प्रत्येक घराची नेटवर्कची एक जागा ठरलेली आहे. कोणाची उंबरठ्यावर, कोणाची गोठ्यामागे. बोलणं अर्धवट राहिलं की तिथे कोणी दुसरं कारण शोधत नाही, नेटवर्क म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी तर या विषयातला जाणकार. मी बाबांना सांगितलं, अंगणात बैलबंडी उभी असते ना, तिच्यावर चढून बोला, उंचावर रेंज चांगली मिळते. ते निमूटपणे बंडीवर चढून बोलू लागले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मी त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी बैलबंडीवर उभं केलं आणि वर त्यांना विचारलं, "आता?" ते म्हणायचे, "आता थोडा येते." माझी छाती फुगायची.

बंडीने भागेना तेव्हा मी निदान केलं की फोनच खराब आहे. तो साधा बटणांचा फोन होता. एका रविवारी मोटारसायकल काढली, हिंगणघाटवरून गाव गाठलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने त्या फोनची जाळी साफ केली. माझ्या कानाला लावला तर आवाज अगदी स्वच्छ. बाबांच्या कानाला लावला तर नाही. यावर कोणत्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात एक साधी शंका आली असती. माझ्या डोक्यात सिद्धांत आला: रेंज कमी असताना या फोनचा आवाज दबतो आणि मी हातात घेतो तेव्हा योगायोगाने रेंज वाढलेली असते. पुढच्या रविवारी मी नवा फोन घेऊन गेलो.

नवा फोन म्हणजे माझ्यासाठी सणच. ओसरीत बाबांना शेजारी बसवून मी अक्षरं मोठी केली, आमचे फोटो लावले, आणि हे करता करता दोन तास बोललो. ही कंपनी कशी लबाड आहे, ती कंपनी दर महिन्याला सुधारणा पाठवते म्हणजे आधी अर्धवट माल विकते, वगैरे. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. मध्ये मध्ये मान हलवत होते. मला मनापासून वाटलं की पानठेल्यावरच्या चौघांपेक्षा माझ्या बापाला या विषयाची जास्त समज आहे. आईने वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली, निघताना सांबाराची जुडी पिशवीत टाकली. सोमवारी संध्याकाळी फोन लावला तर, "हालो... आवाज नाई येऊन राह्यला."

त्या फोनला मी एक तारा दिला. अभिप्रायात लिहिलं, 'ज्येष्ठ नागरिकांची घोर फसवणूक.' खाली कोणा अनोळखी माणसाने विचारलं, 'भाऊ, दुसऱ्या कोणाच्या कानाला लावून पाहिला का?' त्याला मी कंपनीचा माणूस ठरवलं आणि सात परिच्छेदांचं उत्तर दिलं. मग दोन स्पीकरवाला फोन आला. त्यालाही एक तारा. मग सिमकार्ड बदललं. मग तिसरा फोन, ज्याच्यावर मी महिनाभर अभ्यास केला होता आणि ज्याच्या आवाजाची तुलना मी एका वहीत लिहून काढली होती. त्याला मी दोन तारे दिले, कारण त्याचा कॅमेरा बरा होता. दर खेपेला फोन नीट लावून द्यायला एक-दोन रविवार लागायचे, दर खेपेला बाबा शेजारी बसून ऐकायचे, आणि दर खेपेला भाजी वांग्याचीच असायची. मी त्यांना कधी काही विचारत नव्हतो. मत देणाऱ्या माणसाला विचारायची गरज पडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मला कचेरीत फोन आला. बाबांचा नंबर, आणि पलीकडे आई. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून फोन लावला होता.

"मोटर जळली," ती म्हणाली. "विहिरीतलं पानी सरलं, अन् ते कोरडी फिरून राह्यली. मी पार तिकडल्या धुऱ्यावर, बांधाले लागून भेंडी तोडून राह्यलती, मले आवाज आला. अन् हे मोटरपाशी बसून होते, यायले ऐकू नाई आला."

माझी पहिली प्रतिक्रिया मी प्रामाणिकपणे नोंदवतो. मी म्हणालो, "आई, आता असं स्टार्टर निघालं हाय, पानी सरलं का मोटर आपोआप बंद पडते अन् मोबाइलवर निरोप येते. मी आज रात्रीच पाहतो."

"स्टार्टर राहू दे," आई म्हणाली. "तुह्या बाबाले दवाखान्यात ने. त्यायचे कान गेले."

मी विचारलं, हे आधी काऊन नाही सांगितलं? ती म्हणाली, "मले वाटे, माह्याच बोलन्याकडे लक्ष देऊन नाई राह्यले. चाळीस वर्षापासून तसंच हाय."

फोन ठेवल्यावर मी मनात हिशेब मांडला. तीन फोन, एक सिमकार्ड, एक बंडी. मला स्वतःची इतकी लाज वाटली की समोर कामासाठी उभ्या असलेल्या माणसाकडे वर पाहवेना.

सेवाग्रामच्या दवाखान्यात बाबांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. तपासणारी मुलगी बाहेर यंत्रापाशी होती, तिला मी आवाजाची पातळी कशी मोजतात ते समजावून सांगू लागलो. तिने शांतपणे स्टुलाकडे बोट दाखवलं. मी बसलो. ती एक खटका फिरवायची, बाबांकडे पाहायची, पुन्हा थोडा फिरवायची. बाबा बटणावर अंगठा ठेवून, डोळे बारीक करून, अगदी मन लावून वाट पाहत होते. अंगठा हलत नव्हता. ओसरीत माझं बोलणं ऐकताना त्यांचा चेहरा अगदी असाच असायचा.

बाहेर आल्यावर तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाबा, किती दिवस झाले ऐकू कमी येऊन?"

"तीन फोन झाले, मॅडम," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"पयला बदलला, त्याच्या आधीपासून."

तिला काही कळलं नाही. मला कळलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी वहीत तुलना लिहीत होतो तेव्हाही त्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर बाईंनी सांगितलं, डाव्या कानात फारसं काही उरलेलं नाही, उजव्याला मशीन लागेल. बरेच दिवस शब्द कानावर पडले नाहीत की शब्द ओळखायची सवय मोडते, थोडं आधी आणलं असतं तर यांना सोपं गेलं असतं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाबा, तुमाले माहीत होतं त मले काऊन नाई सांगितलं?" त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं, मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. तोवर रांगेतले सगळे आमच्याकडे वळले होते. बाबांना आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज राहिलेला नव्हता. त्यांनी सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"कानाचं सांगितलं असतं त तू फोनवरच म्हनला असता, दवाखान्यात जा, औषध घ्या. फोनचं सांगितलं त तू सोता येत होता."

समोरच्या बाकावरच्या एका म्हातारीने हळूच मान हलवली. बाबा आपल्या पिशवीतून केळी काढत होते, त्यातलं एक त्यांनी मला दिलं. ते मी खाल्लं. दुसरं काय करणार होतो?

मशीन निवडायची वेळ आली तेव्हा जुनी सवय एकदा उसळली. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी याच्यापेक्षा बारीक मॉडेल येणार आहे..." तपासणाऱ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. जी तिने सांगितली ती साधी मशीन घेतली.

मशीन लावून घरी पोचल्यावर बाबा अंगणाच्या टिनाच्या फाटकापाशीच थांबले. फाटक दोनदा उघडून लावून पाहिलं. "हे कधीपासून करकरते?" त्यांनी आईला विचारलं. "दोन वर्षं झाले," आई ओरडली. "हळू बोल," बाबा म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी फाटकाला तेल घातलं, आणि मी संकेतस्थळावर जाऊन माझे तिन्ही अभिप्राय पुसले. त्या अनोळखी माणसाची माफी मागायची होती, पण अभिप्रायाबरोबर त्याचा प्रश्नही गेला.

फोनवर आता सगळं ठीक झालं. मी विचारायचो, "येते का आवाज?" बाबा म्हणायचे, "साफ येते." मी खूश. बंडी नाही, हालो हालो नाही, पाच मिनिटांत बोलणं उरकायचं. आणि त्यानंतरचे तीन रविवार मी गावी गेलो नाही. मुद्दाम नाही. एका रविवारी कोणत्या तरी कंपनीचा मोठा कार्यक्रम होता, तो मी घरी बसून पाहिला आणि शिव्या घातल्या. एका रविवारी मिक्सर खोलला, जो आता घरघरही करत नाही. तिसऱ्या रविवारचं तर कारणही आठवत नाही. खरं एवढंच की तिकडे दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी मी नेहमीसारखा फोन लावला.

"हालो," बाबा म्हणाले. "आवाज कमी येऊन राह्यला."

मी लगेच सुरू झालो. मशीनचा सेल बदलला का, कानातली नळी पुसली का, आवाज वाढवायचं बटण दाबून पाहिलं का, आईला विचारा...

"हालो? काय म्हनतं? काई येऊन नाई राह्यलं."

बंडीवर चढा असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं. बायको शेजारी भाजी निवडत होती, तिने मान वर केली. मी फोन तोंडापासून थोडा लांब धरला आणि स्वतःशीच बोलावं इतक्या हळू म्हणालो, "बरं. उद्या येतो."

"ये," तिकडून लगेच उत्तर आलं. "वांगे तोडून ठेवतो."