कासाची गाडी चुकली
छापखान्यावरून जाताना शाईचा वास आला, की अजून मला एक जुनी संध्याकाळ आठवते. साठ सालाच्या आसपास तलासरीच्या एका कचेरीत आम्ही दोघे हंगामी कारकून होतो आणि कायम होणार होता एकच. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए.; नोकरी गेली असती तर सगळ्या पाड्यात तोंड दाखवायची चोरी झाली असती. त्या संध्याकाळी गावोगाव पाठवायच्या नोटिसा मी सायक्लोस्टाइल यंत्रावर काढत होतो आणि प्रत्येक कागदावर आडवी काळी रेघ उमटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नोटिसा साहेबांच्या टेबलावर हव्या होत्या. यंत्राची खुबी ठाऊक फक्त त्या दुसऱ्याला, आणि तो घरी, कासा गावाला जाणारी शेवटची एस.टी. गाडी धरायला पिशवी घेऊन निघालेला. "काय बी.ए., यंत्राला इंग्रजी कळत नाही वाटतं?" म्हणत तो जवळ आला. हा मुद्दाम बिघडवणार, असं वाटून मी यंत्राचा दांडा सोडेना. "सोड रे!" तो म्हणाला. "आतल्या मेणकागदाला, स्टेन्सिलला, सुरकुती पडलीय. हलक्या हातानं खाली ताण. मी नाही करणार, तूच कर." बाहेर भोंगा वाजला, गाडी गेलीसुद्धा, तो मात्र स्वच्छ कागद निघेपर्यंत शेजारी उभा राहिला. सकाळी साहेब खूश झाले, तेव्हा मी त्याच्याकडे बोट दाखवून सरळ सांगितलं, "यांनी शिकवलं." साहेबांनी त्यालाच कायम केलं; मी डहाणूला दुसरी नोकरी धरली. पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सगळं काम शिकवलं, आणि दर वेळी मनात आलं, की आता हा माझी जागा घेणार.