गुरुवारची गळती

आर्या, निहार,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, ती जुनी गाडी विकून का टाकत नाहीस?" मी उत्तर टाळलं. अप्पांना जाऊन दीड महिना झाला, आणि त्या गाडीबद्दल सांगायचं तर अप्पांबद्दलच सांगावं लागतं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण तुमच्या आईच्या वडिलांबद्दल त्यांच्याच भाषेत लिहायला हवं. आईकडून वाचून घ्या.

बातमी आली मंगळवारी सकाळी, अप्पांच्या गावाहून, झरीहून, त्यांच्या शेजाऱ्यांच्या फोनवरून. "बाई, अप्पा आज उठलेच नाहीत." तुमच्या आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं... ते कोणत्या शब्दांत केलं, आठवत नाही. मग गाडी काढून एकटीच झरीला गेले. वाटभर नजर तापमानाच्या काट्याकडे जात होती. काटा जागचा हलला नाही.

गाडी माझ्या यजमानांची, तुमच्या इकडच्या आजोबांची. २०१४ मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी ती तापायला लागली. अप्पांची सारी नोकरी सरकारी जीपा दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांना कळल्याबरोबर ते दोन बस बदलून इथे डहाणूला आले. तो दिवस गुरुवारचा होता, पुढे गुरुवारच ठरून गेला. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण लेकीच्या सासरी बापाने उगाच जायचं नाही, जेवायचं तर नाहीच, अशा रीतीत ते वाढले होते. त्यात लेक आणि जावई परदेशात. मागे उरलेले आम्ही दोघं, ते विधुर आणि मी विधवा. नुसते गप्पा मारायला आले असते तर आळीतल्या खिडक्या उघडल्या असत्या. गाडी दुरुस्त करणाऱ्या व्याह्यांना मात्र कोणी काही म्हणत नव्हतं.

ते गाडीखाली पुठ्ठा सरकवायचे, इंजिन कोरडं पुसून चालू करायचे आणि टॉर्च घेऊन वाट बघायचे. "थेंब पडतो तिथं गळती नसते, विहीणबाई. पाणी वरून निघतं, ओघळत येतं आणि खाली दिसतं." होजचं, म्हणजे पाण्याच्या रबरी नळीचं, कडक झालेलं टोक बोटभर कापून ते पुन्हा बसवायचे, क्लिप आवळायचे. नवा होज घेऊ या म्हटलं की तलासरीकडच्या गुजराती वळणात म्हणायचे, "हजू चालशे," अजून चालेल. दुपारी डबा स्वतःचा, चहा तेवढा माझा. "तुमच्या चहापेक्षा रेडिएटरमधलं पाणी दाट असतं," असं दर वेळी म्हणत. मीही म्हणायची, "मग पुढच्या वेळी थर्मास आणा घरून." थर्मास कधी आला नाही.

ते बॉनेटखाली वाकले की मी शेजारी खुर्ची टाकून तुमचे मेल वाचायची. तुम्ही इंग्रजीत लिहिता. ते मी मराठीत सांगत जायची. मी सगळे मेल छापून तारखेप्रमाणे फाइलला लावते, त्यामुळे एकही सुटत नसे. बॉनेटआड त्यांचा चेहरा दिसायचा नाही. मध्येच पान्ह्याचा आवाज थांबायचा. "ते पोहण्याचं परत वाचा." रविवारी तुमच्या आईचा फोन जायचा, पण त्यांना ऐकू कमी यायचं, "सगळं ठीक, तुम्ही जपा" म्हणून दोन मिनिटांत ठेवून द्यायचे. तुमची खरी खबर त्यांना गुरुवारीच मिळे.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला दिसत होता तो अंगणातल्या फरशीवरचा डाग, आणि सत्तरीच्या माणसाचं दोन बसमधलं येणं-जाणं. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे दुखत होते, तेव्हा न सांगता मी गाडी हायवेवरच्या गॅरेजमध्ये दिली. नवा पंप, नवे होज, नव्या क्लिपा. पुढच्या गुरुवारी ते आले, खाली वाकून पाहिलं, हात फिरवला. "चांगलं काम केलंय," म्हणाले. चहा घेतला, अर्धा ठेवला, आणि अकराच्या बसने परत गेले. मला वाटलं, एक काम मार्गी लागलं.

पाच महिने ते आले नाहीत. मी दोनदा फोन केला, "गाडी ठीक ना? मग झालं," एवढंच. मग एक दिवस तुमची आई म्हणाली, "आई, निहारचा हात मोडला होता, प्लॅस्टरसुद्धा निघालं, ते अप्पांना माहीतच नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत?" मी फाइल काढली. गॅरेजनंतरची सगळी पानं कोरी करकरीत होती, कोणासाठीच वाचलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि वरच्या होजची क्लिप सैल केली. स्क्रू-ड्रायव्हर दोनदा क्लिपवरून घसरला. बाजारात एक चक्कर मारून आले. गाडीखाली थेंब पडलेले पाहून बरं वाटलं. फोन केला, "अप्पा, परत गळतंय हो."

गुरुवारी नवाच्या आत ते दारात हजर. बॉनेट उघडलं, क्लिपवर बोट फिरवलं.

"नव्या क्लिपवर ओरखडे आहेत."

"असतील."

"गॅरेजवाल्यांनी घाई केली असणार."

"असेलच."

"असल्या क्लिपचा भरवसा नाही. पुढच्या गुरुवारी परत बघावी लागेल." मग बॉनेटखालूनच म्हणाले, "पोराचा हात कुठला मोडला? डावा की उजवा?" त्या दिवशी मी पाच महिने एका बैठकीत वाचले. दुपारी ते माझ्याकडे पहिल्यांदा जेवले, वरण-भात आणि बोंबील. मीठ कमी आहे म्हणाले.

त्यानंतर मी दर बुधवारी क्लिप सैल करायची, ते दर गुरुवारी आवळायचे. असे नऊ गुरुवार मिळाले. आयुष्यभर सगळं जागच्या जागी ठेवण्याचा मला अभिमान होता. त्यातच पाच महिने गेले, आणि महिने अप्पांकडे फारसे शिल्लक नव्हते... हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवलं नसतं.

गाडी विकलेली नाही. अंगणात उभी आहे, चालते. अप्पांनी शेवटची आवळलेली क्लिप मी सैल केलेली नाही. रोज सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघते. पाणी कमी झालेलं नसतं.