तक्रार हाय, साहेब

शिरूरच्या कोर्टाबाहेर मी टायपिंगचं टेबल लावते. माझी जीभ तिखट आहे हे इथली वकील मंडळी जाणून आहेत. म्हणून दौंडहून आलेली एक बाई माझ्यापुढं उभी राहून नुसतीच रडायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "रडून अर्ज होत नाही. बस, पाणी पी, मग सांग."

तिचे वडील, आप्पा, न्हावऱ्याचे. पाटाच्या पाण्यावरून भावकीत मारामारी झाली, त्यात आप्पांचं नाव आलं. ते लेकीकडं दौंडला आलेले असताना सोमवारी सकाळी पोलिसांनी त्यांना तिच्या दारातून नेलं. कागदावर मात्र अटक बुधवारची. मधले दोन दिवस आप्पा चौकीतल्या बाकड्यावर होते आणि कागदावर कुठंच नव्हते. धरलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं असतं, हे मी इतक्या वेळा टाईप केलंय की बोटांना पाठ झालंय.

"मग गुरुवारी कोर्टात आणलं तेव्हा मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं असेल ना, काही तक्रार आहे का म्हणून?"

"इचारलं की. आप्पा म्हनलं, न्हाई साहेब, समदं बरं हाय."

माझं डोकंच सणकलं. "अगं, बरं काय त्यात?"

"मोठ्या मानसानं इचारल्यावर रडगानं कसं गायाचं, ताई?"

आमच्याकडं पाहुण्यानं विचारलं, की घरात काहीही झालेलं असो, बरं चाललंय म्हणायचं. इतकी वर्षं त्या कोर्टातून 'न्हाई साहेब' ऐकू येतंय. त्यातले किती जण नुसतीच रीत पाळत होते, कुणास ठाऊक.

सरकारनं दिलेली मोफत वकीलबाई वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं मजकूर सांगितला, मी टाईप केला: अटक बेकायदा आहे, सोडून द्या. पण गुरुवारी 'तक्रार नाही' अशी नोंद होऊन आप्पांना कोठडीत धाडलेलं. ती म्हणाली, "आता आप्पा स्वतः बोलले तरच." मी लेकीला बजावलं, बापाला सांग, साहेब ख्यालीखुशाली विचारत नाहीत.

पुढच्या सोमवारी मी टेबल सोडून कोर्टात मागं जाऊन उभी राहिले. सरकारी वकिलांनी ती नोंद वाचून दाखवली. मॅजिस्ट्रेटनी सरळ आप्पांनाच विचारलं. आप्पांनी टोपी काढली, हात जोडले.

"तक्रार हाय, साहेब," ते म्हणाले. "तवा तुम्ही माझी खुशाली पुसताय, असं वाटलं. गेल्या सोमवारी सकाळी लेकीच्या दारातनं नेलं, बुधवारपतुर बाकड्यावर बसवलं. मारलं न्हाई कुनी, खोटं कशाला बोलू? पर घरी फोन करू दिला न्हाई."

मॅजिस्ट्रेट हसले नाहीत की चिडले नाहीत. आप्पांचं बोलणं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं आणि चौकीची डायरी, कॅमेऱ्याचं चित्रण दुपारी आणायला सांगितलं. चित्रणात गेल्या सोमवारीच आप्पा बाकड्यावर बसलेले दिसले. केस चालू राहील, पण आप्पा मोकळे, असा हुकूम झाला. एका म्हाताऱ्याच्या शब्दावर अख्खी चौकी कागद घेऊन धावत आली. मला भरून आलं, त्यात लाज कसली?

बाहेर लेक घाई करत होती, न्हावऱ्याची एसटी जाईल म्हणून. आप्पा हलेनात. व्हरांड्यात दोन पोलिसांमध्ये शिक्रापूरला खोली करून राहणारा एक बिहारी कामगार बसला होता. त्यानंही गुरुवारी आप्पांच्या देखत 'नहीं साहब' म्हटलेलं.

आप्पा माझ्या टेबलापाशी आले. "बाई, ह्याला मंगळवारी आनलं. माझ्याच बाकड्यावर बसवलं व्हतं, मी बघितलंय. ह्याचा बी अर्ज लिवा."

"आप्पा, साक्ष द्यायला पुन्हा कोर्टात यावं लागेल. त्याच पोलिसांपुढं."

"यीन की."

मी वकीलबाईला हाक मारली. एसटी गेली. आप्पा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिले, आणि साक्षीदाराच्या जागी त्यांनी एकेक अक्षर सावकाश जुळवत सही केली.