इवायांसाठी थंडीचे टायर

आधी तो चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर हसताना ठसका लागेल आणि पाप माझ्या माथी! असा शहाणपणा केलाय मी, की बायको अजून जेवायला वाढताना हसते.

आमचा जावई कॅनडात. एकदा फोनवर म्हणाला, "मामाजी, इथं हिवाळ्यात येगळे टायर लावा लागते. नाही तं गाडी घसरते."

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. चार दिवसांनी त्याचे वडील, म्हणजे आमचे इवाई, पहिल्यांदाच आमच्या गावी, मेडशीला, हुरडा खायला येणार होते. माणूस महाचिकित्सक! लग्नात त्यांनी वरणातसुद्धा खोट काढली होती. त्यात आमच्या शेताची वाट काळ्या मातीची, सकाळी दवानं निसरडी. इवायांसमोर गाडी घसरली असती, तर जन्मभर ऐकावं लागलं असतं.

गेलो टायरवाल्या सलीमभाईकडे. "थंडीचे टायर दाखव."

"भाऊ, मेडशीत बर्फ पडते काय? साधेच घ्या ना!"

मी सगळ्यात खोल नक्षीचे निवडले. वर अक्कल पाजळली. ओल्या रानात ट्रॅक्टरचं चाक घसरलं, की आपण काय करतो? चाकात पाणी भरतो! वजन येतं, पकड येते. मग कारनं काय घोडं मारलंय?

"चारी चाकायत पाणी भर!"

"भाऊ, कार हाय हे!"

"मले नोको शिकवू! तीस वर्सं ट्रॅक्टर चालवला!"

बिचाऱ्यानं भरलं.

इवायांना स्टँडवरून घेतलं. वीसच्या वेगापर्यंत सगळं झकास. चाळीसला गेलो आणि गाडी लागली ना थरथरायला! इवायांची टोपी मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"इवाईबुवा, काय हून राह्यलं हे?"

"थंडीचे टायर हायेत. तुमच्याच पोरानं सांगतलं!"

"थांबवा! उतरू द्या मले!"

खाली उतरून त्यांनी गाडी धरून गदागदा हलवली. चाकातून डुचुक डुचुक! त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाणी भरलं काय यात?"

मी मान डोलावली. लाजेनं अर्धा झालो हो! तेवढ्यात शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला, इवाई हात दाखवून त्यावर चढले आणि गेलेसुद्धा. मी मागून, वीसच्या वेगानं, एकटाच.

शेतात पोचलो, तर इवाई हुरडा चघळत जावयाशी फोनवर बोलत होते.

"तुह्ये सासरे? हे पाय, आले बाप्पा! सगळ्यायसाठी पाणी घेऊन आले!"