खिंडीवरचे तीन ठोके

खिंडीवरच्या ओवोला, डोंगराला वाहिलेल्या दगडांच्या राशीला, प्रदक्षिणा घालताना चोइजिलच्या जीपमध्ये कुठंतरी 'घड्ड' व्हायचं. तीन प्रदक्षिणा, तीन घड्ड. एक जास्त नाही की एक कमी नाही.

जीप रशियन, डाव्या स्टिअरिंगची, बत्तीस वर्षांची. खडखडण्यात तिचा जन्म गेला होता. पण तिची एकूण एक खडखड चोइजिलच्या ओळखीची होती. स्प्रिंगचा पाटा कुरकुरला की कुठला, पत्रा वाजला की कुठला, हे तो बिनचूक सांगायचा. वयाच्या विसाव्या वर्षी सामुदायिक शेतीच्या ट्रकवर बसला, तो आता सदुसष्टाव्या वर्षीही चाकामागेच होता. त्याच्याकडे लाकडाची एक दांडी होती, गेरच्या, म्हणजे गोल तंबूघराच्या, छपरातली, हात लागून लागून काळी झालेली. तिचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "तिसरं बेअरिंग. पंधरा दिवस टिकेल." सोळाव्या दिवशी ते बेअरिंग जायचं. तीन खोऱ्यांतली माणसं गाड्या घेऊन यायची आणि म्हणायची, "काका, जरा कान लावा."

असा माणूस, आणि त्याला स्वतःच्या जीपमधला आवाज सापडेना.

गेल्या वसंतात त्याचा उजवा गुडघा धरला होता. आवाज त्यानंतरचा. आधी नुसतं 'टक्' होतं, उन्हाळा लागेपर्यंत त्याचं 'घड्ड' झालं. माळावरच्या सरळ वाटेवर काही नाही. गावात काही नाही. खिंडीवर दगडांच्या राशीभोवती निळी रेशमी कापडं फडफडत असायची, सगळे गप्प बसलेले असायचे, जीप पहिल्या गिअरमध्ये हळूहळू फिरायची, आणि नेमकं तेव्हाच.

म्हातारी दुलाम एकदा पुढच्या सीटवर बसली होती. तिसऱ्या ठोक्याला तिनं जपमाळ आवळली.

"चोइजिल, डोंगर माझ्या पायाशी येऊन ठोठावतोय बघ. तू काय पाप केलंयस?"

"पाप कसलं आजी, पाटा ढिला झालाय."

"पाटा खाली असतो. ह्यो हितं वाजला."

चोइजिलनं कानाआड केलं. म्हाताऱ्या बायकांना गाडीतलं काय कळतं! पण दुलामचं बोलणं खोऱ्यात पसरायला एक आठवडा पुरला. माणसं त्याची जीप सोडून दुसऱ्याच्या व्हॅनची वाट बघत उन्हात बसू लागली. डोंगर ज्याच्यावर रुसलाय त्याच्या गाडीत लेकरं घेऊन कोण बसणार?

ही बातमी शहरात लेकीपर्यंत पोचली. त्सेरमाचा फोन आला.

"बाबा, पुरे आता. गुडघा गेला, गिऱ्हाईक गेलं. ती जीप विका अन् इकडं या. चौथ्या मजल्यावर खोली आहे, नळाला गरम पाणी आहे."

"चौथ्या मजल्यावर मी काय करू? खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या ऐकू?"

"मी एक माणूस पाठवतेय. गोंबो नाव आहे. नीट बोला त्याच्याशी."

गोंबो आला. जिल्ह्याच्या गावात जुन्या गाड्या विकत घ्यायचा, पोट सुटलेला, गोड बोलणारा. गेरमध्ये बसून त्यानं खारा चहा तीन वाट्या प्यायला. दोघांनी तपकिरीच्या कुप्या एकमेकांच्या तळव्यावर ठेवल्या, हुंगल्या, परत केल्या. चोइजिल त्या दिवशी सगळ्या जगावर वैतागलेला होता. म्हणाला, "शुक्रवारी घेऊन जा."

गोंबो गेल्यावर बायको पगमा म्हणाली, "म्हाताऱ्या, काय बोलून बसलास?"

बोललं ते बोललं. कुपी देऊन दिलेला शब्द त्या खोऱ्यात कोणी फिरवत नाही. समोरच्यानं आपणहून सोडलं तरच सुटका. शुक्रवारला चार दिवस होते.

त्या चार दिवसांत चोइजिलच्या डोक्यात एकच नाव घुमत होतं. सेंगे.

चोइजिलनं आजवर आपल्या जीपला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. कोणाच्या आवारात जीप उभी करावी लागली तर बॉनेट उघडं असेपर्यंत तो चहाला जायचा नाही. शिवाय जीपखालच्या प्रत्येक मोठ्या नटाला घोड्याच्या आयाळीचा एकेक केस बांधून ठेवायचा. केस तुटला म्हणजे कोणीतरी पाना लावला. पण वसंतात गुडघ्यामुळं जीपखाली शिरता येईना, तेव्हा पाट्यांची बुशं बदलायला त्यानं जीप सेंगेकडे दिली होती. गावात मिस्त्री तेवढाच एक. आणि आवाज सुरू झाला तो तेव्हापासून.

पण संशयाचं खरं मूळ त्याच्याही मागं होतं. सेंगे हा यादामचा मुलगा.

चाळीस वर्षांपूर्वी यादाम शेतीच्या अध्यक्षांची गाडी चालवायचा. ती जागा चोइजिलला हवी होती. त्यानं एका दुपारी यादामच्या गाडीच्या पुढच्या चाकाची टोपी काढली, आत एक मोठा नट टाकला आणि टोपी परत ठोकून बसवली. गाडी हळू झाली की टोपीत नट लोळायचा. अध्यक्ष प्रत्येक उतारावर दचकून दाराला धरायचे. यादामनं अख्खी गाडी तीनदा खोलली, त्याला काही सापडलं नाही. महिन्याभरात अध्यक्षांनी त्याला मेंढ्यांवर पाठवलं आणि गाडी चोइजिलच्या हातात आली. नट त्यानं काढला नाही, टोपीतच घट्ट ग्रीसमध्ये रुतवून गप्प केला. ही गोष्ट त्यानं पगमालाही सांगितली नव्हती. यादाम आता या जगात नव्हता. पण मुलगा होता, मुलाच्या हातात पाना होता, आणि चोइजिलच्या जीपमध्ये हळू चालताना काहीतरी लोळत होतं.

'ह्याला कळलंय,' चोइजिल मनात म्हणाला. 'आईशप्पथ कळलंय. फेड करतोय साला.'

मंगळवारी तो गुडघ्याची पर्वा न करता जीपखाली शिरला. मागच्या पाट्यांवरचे केस तुटलेले होते, ते तुटणारच होते. पण पुढच्या डाव्या चाकावरचाही केस तुटलेला. तिथं सेंगेचं काय काम होतं? त्यानं चारी टोप्या काढल्या. आत काही नाही. शाफ्टचा क्रॉस हलवून बघितला, पाटे धरणारे शॅकल ठोकून बघितले, पेट्रोलच्या दोन्ही टाक्यांवर दांडी टेकवून कान लावला. पगमा दारातून बघत होती.

"सापडला का चोर?"

"सापडेल."

"अन् न्हाई सापडला तर?"

"तर तो लई हुशार आहे."

बुधवारी सकाळी तो सेंगेच्या आवारात जाऊन उभा राहिला. सेंगे पस्तिशीचा, आडवा, कानशिलापर्यंत ग्रीसनं माखलेला. हात पुसत म्हणाला, "या काका. गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघा गप आहे. जीप बोलतीय. तू पुढच्या डाव्या चाकाला हात कशाला लावलास?"

"जॅक लावताना चाक फिरत होतं, म्हणून नट आवळले."

"मी सांगितलं होतं?"

"ढिला नट दिसला की आवळायचा, हे सांगावं लागतं व्हय?" सेंगे हसला. "तुमचा केस तुटला वाटतं."

चोइजिल चपापला. "तुला केसांचं कोणी सांगितलं?"

"काका, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुमच्या घोड्याची मान बोडकी का, म्हणून पोरं हसतात."

सेंगेनं जीप आवाराभोवती दोनदा फिरवली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, कचकन ब्रेकही मारून बघितला. आवाज नाही. उतरून म्हणाला, "मला तर काही ऐकू येत न्हाई."

"येणार कसं! हितं येतच न्हाई."

"मग येतो कुठं?"

"खिंडीवर. ओवोपाशी."

"मग खिंडीवर चला की. हितं माझ्याकडं डोळे वटारून काय हुणार?"

चोइजिलला हेच हवं होतं. आवाज आला की ह्याचं तोंड बघायचं. चोर तोंडावरून कळतो, अशी त्याची खात्री होती.

तासाभरानं दोघं खिंडीवर पोचले. वारा असा, की निळी कापडं फाडून नेईल. सेंगे म्हणाला, "आता असं करा. तुम्ही हिकडं बसा, मी चालवतो. चालवणाऱ्याचे कान इंजिनात गुंतलेले असतात. तुमचे कान मोकळे हवेत."

"माझी जीप तू चालवणार?"

"मग आवाज कोण शोधणार? मी? माझ्यावर तर तुमचा भरवसा न्हाई."

चोइजिल उतरला, लंगडत पलीकडं गेला आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आपल्याच जीपच्या उजव्या सीटवर बसला. तिथून जग भलतंच दिसत होतं. धरायला काही नाही, पायाखाली काही नाही. दुखरा गुडघा त्यानं दाराला टेकवला.

सेंगेनं पहिला गिअर टाकला. ओवो उजव्या हाताला ठेवून जीप फिरू लागली. खिंडीचा माथा उतरता होता. जीपचं नाक आधी वर जायचं, मग जीप कलायची, मग नाक खाली. नाक खाली गेलं, आणि—

घड्ड.

चोइजिल सेंगेचं तोंड बघायचं विसरला. ठोका त्याच्या गुडघ्यावर बसला होता. खाली नाही, मागे नाही. दारात.

"पाटा खाली असतो," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"थांबव. थांबव जीप."

दाराच्या आतलं पुठ्ठ्याचं अस्तर वरून सुटून पुढं लोंबत होतं. चार बोटं सहज जातील एवढी फट. सेंगेनं अस्तराचे स्क्रू काढले आणि तळाशी हात घातला. बाहेर काढलं ते सीटवर मांडत गेला. दगड. अंड्याएवढे, गुळगुळीत, नदीतले. एक, दोन, पाच, आठ.

चोइजिलनं ते ओळखले. न ओळखून सांगतो कुणाला! पगमा नदीवरून वेचून आणायची, निघताना त्याच्या हातात द्यायची.

ओवोवर प्रत्येकानं दगड वाहायचा असतो. आजन्म त्यानं उतरून, पायी फिरून वाहिला होता. वसंतात गुडघा धरला तेव्हापासून, एकटा असला की, तो उतरत नव्हता. पलीकडची काच खाली करायची, जीप फिरती ठेवायची आणि बसल्या जागेवरून दगड भिरकावायचा. नजर पुढं, कान इंजिनात. दगड ओवोवर पडला असं तो धरून चालला होता. निम्मे पडलेही असतील. उरलेले फटीतून दारात. नाक वर गेलं की मागं लोळत होते, खाली गेलं की पुढं येऊन आदळत होते. मोकळ्या वाटेवर ते सगळ्या खडखडीत मिसळून जायचे. डोंगराला वाहिलेलं तो स्वतःच्या दाराला वाहत होता.

सेंगे आधी खोकला. मग त्याला आवरेना. जीपच्या पायरीवर बसून तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"काका, चाकांच्या टोप्या बघितल्या असतील न्हाई तुम्ही?"

चोइजिलची मान ताठ झाली. "टोप्यांचं काय?"

"आमच्या बापाच्या गाडीच्या टोपीत एक नट होता. त्यांनीच सांगितलं. गाडी भंगारात निघाली तेव्हा सापडला. म्हणाले, हे काम चोइजिलचंच, दुसऱ्या कोणाला एवढं डोकं न्हाई. तो नट अजून आमच्या पेटाऱ्यात आहे."

चोइजिलनं सीटवरचा एक दगड उचलला आणि पुन्हा होता तिथं ठेवला.

"शिव्या घालत असेल मला," चोइजिल म्हणाला.

"घालायचे की. पण हसत. मेंढ्यांवर गेले म्हणून आई भेटली, म्हणायचे. अध्यक्षांच्या शिव्यांतूनही सुटले."

'एवढं सहज कोणी सोडत नसतं,' चोइजिलला वाटलं. त्यानं सेंगेच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तोंडावर ग्रीस होतं, बाकी काही दिसलं नाही.

मग तो दगड घेऊन उतरला. एकेक पाऊल टाकत, मांडीला हातानं रेटा देत त्यानं तीन प्रदक्षिणा घातल्या आणि सात दगड वाहिले. आठवा अंगरख्यात छातीशी ठेवला.

"तो कशाला ठेवलात?" सेंगेनं विचारलं.

"शुक्रवारी काम आहे. शब्द मी फिरवू शकत न्हाई." चोइजिल दुसरीकडे बघत म्हणाला. "अस्तर बसव, पण स्क्रू फार आवळू नको."

सेंगेनं एकदा दगड लपवलेल्या छातीकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि मुकाट्यानं स्क्रू बसवले.

शुक्रवारी गोंबो आला तो मिस्त्री म्हणून सेंगेलाच सोबत घेऊन. सेंगेनं जीप खालून वरून तपासली, दारं उघडून मिटली. गोंबो पुढं बसला, सेंगे मागं. जिल्ह्याच्या गावाला जायची वाट खिंडीतूनच होती. चोइजिलनं ओवो उजव्या हाताला घेतला आणि पहिला गिअर टाकला.

घड्ड. टण्ण.

गोंबोनं पाय वर घेतला. चोइजिलही दचकला. घड्ड त्याचं होतं. टण्ण कोणाचं?

दुसरी प्रदक्षिणा. घड्ड. टण्ण. तिसरीला गोंबोनं डोळेच मिटले.

"म्हणजे लोक बोलतात ते खरं आहे. मिस्त्री, हे काय वाजतंय?"

सेंगे गंभीर आवाजात म्हणाला, "दादा, खालून सगळं तपासलं. खाली काहीच न्हाई. खोटं कशाला बोलू?"

गोंबो उतरला, घाईघाईनं ओवोला हात जोडले आणि परत येऊन चोइजिलपुढं खाली मान घालून उभा राहिला.

"काका, राग मानू नका. मी तुम्हाला शब्दातून सोडतो. मला लेकरंबाळं आहेत."

"तुमची मर्जी," चोइजिल म्हणाला आणि अगदी दुःखानं उसासा टाकला. "त्सेरमाला मात्र तुम्हीच कळवा. माझ्यावर तिचा विश्वास बसायचा न्हाई."

मागून व्हॅन आली. गोंबो तिला हात करून निघून गेला.

ती वळणाआड जाईपर्यंत चोइजिल थांबला. मग त्यानं अस्तर ओढलं आणि दाराच्या तळाशी हात घातला. आधी दगड लागला. त्याच्या पलीकडे काहीतरी गार, खडबडीत, सहा कोनांचं. बाहेर काढलं. जुना, गंजलेला, मोठा नट. चाळीस वर्षांनीही तो त्यानं लगेच ओळखला.

दगड त्यानं पायी जाऊन ओवोवर ठेवला. नट मुठीत धरून सेंगेकडे पाहिलं. सेंगे डोंगराकडे बघत होता.