लोण्याच्या बिस्किटातलं लोणी

कंपनीत त्यांना सगळे चाखणीबाई म्हणत, आणि त्या नावाचा त्यांना अभिमान होता. ती कंपनी कुणाला ठाऊक नाही असं घर नव्हतं. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी, पोरांच्या दप्तरात, ट्रक ड्रायव्हरच्या काचेपाशी, जिकडे बघावं तिकडे तिचा पिवळा पुडा, आणि पुड्यावर लोण्याच्या गोळ्याचं चित्र. बाई आधी मिश्रण खात्यात होत्या. पिठात लोणी पडायचं तिथे उभं राहून त्यांनी उमेदीची वर्षं काढली. एकदा एका घाण्यात मीठ चुकल्याचं त्यांनी तुकडा जिभेवर ठेवताक्षणी सांगितलं, तेव्हा साहेबांनी त्यांना उचलून चाखणी खात्यात बसवलं.

काम दिसायला सोपं. पांढऱ्याशुभ्र खोलीत फळ्यांचे आडोसे, प्रत्येकाला एक खण. समोर तीन बशा येत. दोन बशांतलं बिस्किट एकच, तिसरीतलं वेगळं. वेगळं कोणतं ते सांगायचं, नाही ओळखू आलं तर ‘फरक नाही’ म्हणायचं. बस्स, एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी बाईंनी लसूण सोडला, हिरवी मिरची सोडली, केसांना वासाचं तेल लावणं सोडलं. भाजीची चव बघायला नवऱ्याला हाक मारत. तो बिचारा जाईपर्यंत कुरकुरत राहिला, “कंपनीनं तुला पगार दिला आणि माझ्या ताटातलं तिखट पळवलं.” बाई हसण्यावारी नेत. म्हणत, “अहो, लोकांची लेकरं खातात हे. कुणीतरी राखणीला बसायला नको?”

पुढे मुलीचं लग्न कंपनीतल्याच एका मुलाशी झालं. तो किमती ठरवणाऱ्या खात्यात होता. हुशार, मऊ बोलणारा, सासूच्या शब्दाबाहेर न जाणारा. बाईंना जावयाचं कोण कौतुक.

मग कंपनीच्या मनात आलं की शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना थोडं अर्थशास्त्र यायला हवं. कँटीनमधली टेबलं भिंतीला लावली, पडदा टांगला, आणि शिकवायला उभे राहिले जावईबापू. बाई मुद्दाम पुढच्या रांगेत बसल्या. आपलं माणूस बोलणार म्हटल्यावर मागे कोण बसतं?

जावयानं उदाहरण दुसऱ्या कुणाचं घेतलंच नाही, आपल्याच पुड्याचं घेतलं. किंमत चढली की मागणी उतरते, हे त्यानं रेषा काढून दाखवलं. आपल्या पुड्याला पर्याय कोणते, म्हणजे आपला महाग झाला तर गिऱ्हाईक कुठल्या पुड्याकडे वळेल, ते सांगितलं. संधी-खर्च म्हणजे काय, तर एक गोष्ट मिळवताना जी दुसरी हातची जाते तिची किंमत. बाईंना हे पटलं. नवऱ्याचं ताट डोळ्यांपुढे आलं, त्यांनी मान डोलावली.

“आता लवचिकता,” जावई म्हणाला. “किंमत थोडी हलवली तर मागणी किती हलते, ते मोजायचं. आपलं गिऱ्हाईक किमतीच्या बाबतीत फार हळवं आहे. रुपयाभर वाढवा, लगेच दुसरा पुडा उचलतं. पण चवीच्या बाबतीत तसं नाही. चव सावकाश बदलली, तर मागणी जागची हलत नाही.”

पडद्यावर जिना आला. सगळ्यात वरच्या पायरीवर लोण्याचा मोठा गोळा, खाली येता येता तो लहान होत गेलेला, आणि शेवटच्या पायरीवर बोराएवढा. शेजारी तेलाचा डबा तेवढाच मोठा होत गेलेला.

“प्रत्येक पायरीला आपण चाखणी खात्याला विचारलं. फरक कळला, तर ती पायरी आणखी लहान केली. ‘फरक नाही’ असं उत्तर आलं की मगच पुढची पायरी. याचं सगळं श्रेय आपल्या चाखणीबाईंना.” आणि त्यानं हसून सासूकडे हात केला.

कँटीनभर टाळ्या वाजल्या. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

इतकी वर्षं तुलनेला ‘जुनं’ म्हणून जे बिस्किट बशीत यायचं, ते मागच्याच पायरीचं असायचं. खरं जुनं कधी समोर आलंच नव्हतं. त्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा ‘जुना माल टिकत नाही हो’ असं उत्तर मिळालं होतं, आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या.

“पहिल्या पायरीचं आणि शेवटच्या पायरीचं बिस्किट शेजारी शेजारी ठेवून कुणाला खायला दिलंत का?”

“दिलं ना,” जावई शांतपणे म्हणाला. “बाहेरच्या लोकांना दिलं. मुद्दाम जुन्या प्रमाणानं एक घाणा काढला होता. जवळजवळ सगळ्यांना फरक कळला.”

“मग?”

“मग विचारलं, आत्ताचं विकत घ्याल का? घेऊ म्हणाले. सवयीचं आहे, परवडतं.”

बाईंना वाटलं होतं, या प्रश्नावर त्याची बोबडी वळेल. त्याच्याकडे उत्तर तयार होतं, आणि त्या उत्तरात खोट काढता येत नव्हती. त्यानं तर त्या जास्तच पेटल्या. खुर्ची सरकवून तरातरा निघून गेल्या.

रविवारी लेक-जावई जेवायला आले. बाईंनी वाढलं सगळं, पण भांडी अशी आपटत होत्या की लेकीनं विचारलं, “आई, झालंय काय तुला?”

“मला काय व्हायचंय? राखणीला बसलेली मीच, आणि चोरही मीच.”

“आई, चोरी कसली?” जावई म्हणाला. “लोण्याचे भाव बघा कुठे गेलेत. किंमत वाढवली असती तर ज्याच्या खिशात कमी, त्याच्या हातून पुडा आधी सुटला असता. मग ते तुम्हाला बरं वाटलं असतं का?”

“मग सांगायचं त्यांना! लोणी कमी केलंय, तेल घातलंय, घ्यायचं तर घ्या.”

“सांगितलंय. पुड्याच्या मागे छापलंय.”

बाईंनी फडताळातून पुडा ओढून काढला, चष्मा लावला, खिडकीशी नेला. मुंगीएवढ्या अक्षरांत खरंच छापलं होतं. त्यांनी पुडा उलटा करून जावयाच्या ताटाशेजारी ठेवला, लोण्याचं चित्र वर.

“आणि हे? हेही मुंगीएवढं छापायचं होतं.”

जावयानं पुडा हळूच बाजूला सरकवला.

“जावईबापू, तुम्ही घरचे, म्हणून तोंड आवरून बोलतेय. मला सांगितलं, तू राखणीला बस. मी बसले. आणि तुम्ही मला विचारून विचारून घर साफ केलंत. कुत्रं कुठे भुंकतं आणि कुठे भुंकत नाही, एवढंच हवं होतं तुम्हाला माझ्याकडून!”

“आई!” लेक ओरडली. तिचे डोळे भरून आले. “तो नोकरी करतो. तूही करतेस.”

“तेच तर सांगतेय मी!” बाईंचा आवाज फाटला.

त्या दिवशी गोड कुणी खाल्लं नाही.

पुढच्या पाळीला बाई कामावर आल्या त्या डबा घेऊन. घरामागच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याच्या भट्टीत त्यांनी मिश्रण खात्यातल्या जुन्या प्रमाणानं, चांगलं सढळ लोणी घालून बिस्किटं भाजून आणली होती. खात्यातल्या मुली-बायकांपुढे त्यांनी एकेक बशी ठेवली. “हे खा. काय वाटतं ते सांगा. मी काही बोलत नाही.”

सगळ्यांनी खाल्लं. बाई प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“काकी, जरा जडच आहे,” अलीकडे लागलेली एक मुलगी म्हणाली. “आणि कसला तरी वास येतोय.”

“लोण्याचा आहे तो!”

“असेल. पण आपल्याला नको बाई. आपला पुडाच बरा, हलका.”

दुसरीनं मान हलवली. तिसरीनं उरलेला तुकडा हळूच बशीत ठेवला. बाईंच्या वयाची एकच होती, ती म्हणाली, “अगं, माझ्या आईच्या वेळचं आहे हे,” आणि आणखी एक मागून घेतलं. पण मग तीही घड्याळाकडे बघून आपल्या खणात जाऊन बसली.

बाईंना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. कंपनीवर रागवावं तर या पोरींचं काय? त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना खरंच आवडलं नव्हतं. जीभच त्या पुड्यावर वाढलेली, तिला आठवणार तरी काय? लोणी नेलं ते नेलं, लोण्याची आवडही नेली. हे कुणाच्या पडद्यावर दाखवलं नव्हतं.

तेवढ्यात तीन बशा समोर आल्या. बाईंनी तीनही चाखल्या. खरं सांगायचं तर फरक कळत नव्हता. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, “फरक आहे.”

“कोणतं वेगळं?” खात्याच्या साहेबांनी विचारलं.

“तिन्ही.”

“बाई, असं उत्तर नसतं.”

“आजपासून माझं हेच उत्तर. दर वेळी. बसवून ठेवा हवं तर.”

साहेबांनी समजावलं, मग दुखावले, मग चिडले. बाकीच्यांनी ‘फरक नाही’ म्हटलं होतं, त्यामुळे पायरी मंजूर झालीच. बाईंनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. निरोपाच्या कार्यक्रमाला त्या गेल्या नाहीत. कंपनीनं पाठवलेली शाल आणि पिवळ्या पुड्यांचं खोकं त्यांनी दारातूनच परत धाडलं. पुड्याचा खप, जावयाच्या म्हणण्याप्रमाणे, उलट थोडा वाढला.

रिकाम्या बसवेनात, म्हणून त्या बेकरीवाल्याकडे जाऊ लागल्या. तो म्हणाला, “बाई, एवढं लोणी रोज घातलं तर माझं दिवाळं निघेल.” त्यावरही त्या भांडल्या. शेवटी शनिवारी एक तबक काढायचं ठरलं. कधी ते संपतं, कधी निम्मं उरतं. किंमत ऐकून निघून जाणाऱ्यांच्या पाठीला बाई डोळे वटारतात, ते वेगळंच. बेकरीवाला म्हणतो, तुम्ही आत बसा, गिऱ्हाईक घाबरतं.

एका शनिवारी जावई एकटाच बेकरीत आला. चप्पल न काढता उंबऱ्याशी उभा राहिला. बाईंनी न बोलता स्टूल पुढे केलं, बशीत दोन बिस्किटं ठेवली. त्यानं एक खाल्लं, सावकाश.

“छान आहे, आई. खरंच छान आहे.”

“छान आहे, मग तुम्ही काय करणार आहात?”

“काही नाही,” तो म्हणाला. “माझ्या हातात काही नाही.”

बाईंच्या कपाळाची शीर उडत होती. त्यांनी तबकातून तिसरं उचललं आणि त्याच्या बशीत टाकलं.

“खा मग,” त्या म्हणाल्या.